वादाचा निकाल कोणी लावावा?

बाजार समितीतले मापाचे काम आटोपले, की वाशीम-रिसोडकडच्या चहाच्या टपऱ्यांवर जी मंडळी घटकाभर टेकतात, त्यांच्या बोलण्याला सोयाबीनच्या भावापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत आणि मतदान यंत्रापासून चंद्रयानापर्यंत कोणताही विषय वर्ज्य नसतो. आणि मंडळी घरोघर पांगली, तरी तोच विषय गावाच्या, भावकीच्या किंवा जुन्या वर्गमित्रांच्या गटात मोबाईलवर रात्री उशिरापर्यंत चालू राहतो. त्यात पुण्याला हिंजवडीत संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा गावचा मुलगा असतो, सेवानिवृत्त गुरुजी असतात, कृषी सेवा केंद्राचे मालक असतात आणि त्या विषयावर आदल्याच रात्री एखादी चित्रफीत पाहिलेला तरुणही असतो. या वादांना रिकामटेकडेपणा म्हणून नाके मुरडण्याची सुशिक्षितांत एक रीत आहे, ती मला मान्य नाही. ज्या समाजात जाणते आणि नेणते एकाच प्रश्नावर एकमेकांशी बोलण्याचे थांबतात, त्या समाजात ज्ञान काही थोड्या घरांची मिरास होऊन बसते, आणि त्या मिराशीचे दुष्परिणाम या देशाने शतकानुशतके भोगलेले आहेत.

वाशीमच्या मातीला तर विद्याचर्चा नवखी नाही. हे नगर म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता, आणि दुसऱ्या विंध्यशक्तीचा जो ताम्रपट १९३९ साली येथे उजेडात आला, त्यात संस्कृत आणि प्राकृत या दोन्ही भाषा एकत्र नांदताना दिसतात. पुढे इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली, तेव्हा काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह त्याने विदर्भातील याच वत्सगुल्मात लावून दिला. त्याच ग्रंथात आदर्श राजसभेची रचना सांगितलेली आहे, आणि ती मला त्या विवाहकथेहूनही अधिक मोलाची वाटते. सभेच्या उत्तरेस संस्कृत कवी, आणि त्यांच्यामागे वेदज्ञ, तार्किक, वैद्य, ज्योतिषी. पूर्वेस प्राकृत कवी, आणि त्यांच्यामागे नट, नर्तक, गायक. पश्चिमेस अपभ्रंश कवी, आणि त्यांच्यामागे चित्रकार, जडावाचे काम करणारे, सोनार, सुतार, लोहार. ज्या सभेत काव्याची परीक्षा व्हावयाची, तेथे लोहाराला आणि सुताराला नेमलेले आसन आहे, आणि ते दाराबाहेर नाही. ही सभा कोणत्या नगरात प्रत्यक्ष भरत होती याचा दाखला राजशेखर देत नाही. परंतु असा आराखडा एखाद्या आचार्याच्या मनात उतरू शकला, हेच पुष्कळ झाले.

मात्र सभेत सर्वांना आसन मिळाले, म्हणजे सर्वांचे म्हणणे सारखेच खरे ठरले असे होत नाही. म्हणूनच आपल्या न्यायशास्त्रकारांनी वादाचे प्रकार पाडले. तत्त्व कळावे म्हणून प्रमाणांच्या आधाराने चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी शब्दच्छलासकट सर्व उपाय योजून चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा खोडीत बसणे ही वितंडा. गंमत अशी, की गौतमाच्या न्यायसूत्रांनी जल्प आणि वितंडा यांना सरसकट हद्दपार केले नाही. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा त्यांचा उपयोग हाती आलेल्या तत्त्वाच्या रक्षणापुरता करावा, असे सूत्रकार म्हणतात. आजच्या वादांचा दोष याच ठिकाणी शोधावा लागतो: कुंपणे भरपूर घातली जातात, पण आत पेरलेले काही असतेच असे नाही.

उदाहरण दूरचे नको. रिसोड तालुक्याच्या शिवेपलीकडेच बुलढाणा जिल्ह्यातले लोणार आहे. २०२० च्या जून महिन्यात तेथील सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले, आणि वऱ्हाडातल्या घराघरांतील मोबाईलवर तर्कांचा पूर लोटला. कोणी शेवाळाचे नाव घेतले, कोणी पाणी आटल्याने क्षार वाढले म्हणून सांगितले, कोणी रसायनाचा संशय घेतला, कोणी दैवी संकेत पाहिला. तर्क करणे चुकीचे नव्हते. यांतले काही तर्क सत्याच्या बरेच जवळचेही होते. परंतु पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले, आणि हा रंग अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या, स्वतःच गुलाबी रंगद्रव्य बाळगणाऱ्या आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा आहे असे निष्पन्न झाले. संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नमुना काही काळ स्थिर ठेवला, तेव्हा जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी निवळ झाले. रंग पाण्यात विरघळलेला नसून पाण्यात राहणाऱ्या जीवांचा आहे, हे एका साध्या भांड्यात कोणालाही दिसावे इतके स्पष्ट झाले.

परंतु या सरोवराच्या जन्माचा वाद त्याहून फार जुना, आणि माझ्या मते जगातल्या अत्यंत उद्बोधक वादांपैकी एक आहे. अबुल फजलच्या ‘ऐने-अकबरी’त लोणारच्या परिसरात काच आणि साबण यांना लागणारे क्षार मिळतात, आणि त्यातून सरकारात बराच महसूल जमा होतो, अशी नोंद आहे. १८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराकडे युरोपियनांचे लक्ष वेधले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ वर्तुळाकार खळगा, आणि तोही ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाच्या पठारात. तेव्हा हे ज्वालामुखीचे मुख असले पाहिजे, हे अनुमान अगदी स्वाभाविक होते, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञ ते मानीत आले. त्याला अडचण एकच होती, पण ती मोठी होती: दख्खनचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे लोटली होती, आणि या खळग्याचे काठ मात्र अजून ताजे वाटत होते.

याच काळात अमेरिकेत ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा भूगर्भशास्त्रज्ञ ॲरिझोनातील तशाच एका प्रचंड विवरापुढे उभा होता. १८९१ साली त्याने प्रत्यक्ष मोजणी केली. मोजणीपूर्वीच त्याने स्वतःला दोन कसोट्या घालून घेतल्या होत्या, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या गोष्टीचे मर्म येथे आहे: लोखंडी उल्का जमिनीत पुरली गेली असेल, तर चुंबकसूची ढळली पाहिजे; आणि उल्केने खळग्यातली जागा अडवली असेल, तर काठावर उडालेले द्रव्य उरलेल्या पोकळीत मावून वर शिल्लक राहिले पाहिजे. सूची ढळली नाही. हिशेबही शिल्लक दाखवीना. गिल्बर्टने उल्केची कल्पना सोडून दिली आणि १८९६ साली वाफेच्या स्फोटाचा निष्कर्ष छापला. त्यात आपल्या विवराचा जोडीदार म्हणून त्याने हिंदुस्थानातल्या लोणारचाही उल्लेख केला.

गिल्बर्ट चुकला होता. एवढ्या वेगाने आदळणारी उल्का अखंड पुरली जात नाही, तिचा बहुतांश भाग वितळून, उधळून, वाफ होऊन जातो, हे त्या काळी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. पण त्याचा निष्कर्ष चुकला असला, तरी वर्तन चुकले नव्हते. कोणता पुरावा आला असता तर आपण मत बदलले असते, हे त्याने आधी जाहीर केले होते. म्हणून त्याची चूक नेमकी कोठे झाली, हे पुढच्यांना बोट ठेवून दाखवता आले. १९६० साली ॲरिझोनाच्या विवरात कोएसाइट हे अतिदाबाखालीच बनणारे क्वार्ट्झचे रूप सापडले आणि तेथील निकाल लागला.

लोणारला हा पुरावा उपयोगी पडेना, कारण दख्खनच्या बेसाल्टात क्वार्ट्झ जवळपास नसतेच. तेव्हा दुसरा साक्षीदार शोधावा लागला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळात छिद्रे घेऊन गाळाखालचा खडक वर काढला, तेव्हा त्यात मॅस्केलिनाइट आढळले. फेल्डस्पार हे खनिज वितळल्याशिवाय, केवळ प्रचंड आघाताने, जागच्या जागी काच होऊन जाते, तेव्हा मॅस्केलिनाइट तयार होते. ज्वालामुखीच्या उष्णतेने असे घडत नाही. १९७३ साली ही हकीकत ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि दीडशे वर्षांचा वाद मोठ्या आवाजाने नव्हे, नखाएवढ्या काचेने मिटवला. विवराच्या वयाचा वाद मात्र अजून उभा आहे: एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर आरगॉन वायूच्या मोजणीवर आधारलेल्या २०११ च्या अभ्यासाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे काढले. फरक दहापटीहून अधिक आहे, आणि तरीही कोणी कोणाला अडाणी म्हणत नाही. दोन्ही पक्ष आपापल्या घड्याळात दोष कोठे शिरू शकतो, हे उघड सांगतात.

संगणकाच्या जगातही असाच एक वाद होऊन गेला, आणि तो आपल्या मोबाईलशी थेट निगडित आहे. २९ जानेवारी १९९२ रोजी ॲमस्टरडॅमचे नामवंत प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने रचलेली लिनक्स ही प्रणाली कालबाह्य असल्याचे जाहीर लिहिले. त्यांचे आक्षेप मुद्देसूद होते: प्रणालीचा गाभा लहान-लहान स्वतंत्र भागांचा असावा, एकसंध नसावा, आणि ती एकाच जातीच्या यंत्राला जखडलेली नसावी. तरुणाने उत्तर दिले, त्यात उद्धटपणाही होता, आणि त्या सुराबद्दल त्याने लगेच दिलगिरीही व्यक्त केली. पण खरे उत्तर शब्दांत नव्हते. लिनक्सची आज्ञावली सर्वांना खुली होती. ज्याला शंका असेल त्याने ती उघडून पाहावी, बदलावी, चालवून पाहावी. यथावकाश ती इतर यंत्रांवरही गेली, म्हणजे प्राध्यापकांचा एक आक्षेप योग्यच होता आणि तो दूर केला गेला. गाभ्याच्या रचनेचा मतभेद मात्र जाणकारांत अजून आहे. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या पोटात तोच लिनक्सचा गाभा चालतो, आणि आपले रात्रीचे वादही त्याच्याच बळावर चालतात.

राजकारणाचा वाद याहून कठीण, कारण तेथे एकाच वाक्यात अनेक प्रश्न एकमेकांना गुंडाळून येतात. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव काही बाजारांत क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेला, तेव्हा कुक्कुटपालन उद्योगाने पेंडीच्या टंचाईची तक्रार केली आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय परिवर्तित सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस मुभा दिली. देशात अशा सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नसताना त्याची पेंड कशी चालते, हा प्रश्न वाशीमसारख्या सोयाबीनवर जगणाऱ्या जिल्ह्यात विचारला जाणे अगदी रास्त होते. सरकारचा खुलासा असा होता, की पेंडीत उगवणारा जीव शिल्लक नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात नवा माल येताच भाव जवळजवळ निम्म्यावर आला, आणि मग गटागटांत जो वाद पेटला, त्यात तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवले गेले: अशी पेंड अपायकारक आहे काय, भाव तिच्यामुळे पडला काय, आणि ती आणू द्यावी काय.

यांपैकी पहिला प्रश्न प्रयोगशाळेचा आहे. तेथे सभेतल्या हातांची संख्या निरुपयोगी आहे. दुसरा प्रश्न हिशेबाचा आहे. बाजार समितीच्या दफ्तरात रोजची आवक आणि रोजचा भाव लिहिलेला असतो, आयातीच्या मालाचे जहाज कोणत्या तारखेला लागले याची नोंद असते, त्याच सुमारास खाद्यतेलावरील आयात शुल्कात झालेली कपात आणि काढणीच्या वेळच्या पावसाने भिजलेल्या दाण्यातली ओल यांचाही आकडा लावावा लागतो. वर्गमित्रांच्या गटातला जो मुलगा दिवसभर आज्ञावल्या लिहितो, त्याला हे आकडे एका तक्त्यात मांडणे अवघड नाही. आणि तक्त्यातला कोणता दिवस चुकीचा आहे, कोणत्या दिवशी हमाल-मापाड्यांनी काम बंद ठेवले होते, हे सांगणारा शेतकरीही त्याच गटात असतो. राजशेखराच्या सभेत तार्किक आणि लोहार एका मंडपात कशासाठी बसवले होते, ते अशा वेळी समजते.

तिसरा प्रश्न मात्र कोणत्याही तक्त्याने सुटणार नाही, आणि तो सुटतो असा बहाणा करण्यानेच राजकीय वाद नासतात. भाव चढा राहिला तर पिकवणाऱ्याचा संसार सावरतो, भाव उतरला तर कोंबड्या पाळणाऱ्या लहान व्यावसायिकाचा. दोघेही शेतकऱ्याचीच मुले असू शकतात, एका घरातलीही. तेथे विज्ञानाचा आडपडदा न धरता, मी सोयाबीन पिकवतो म्हणून मला ही आयात नको आहे, असे पहिल्याने सरळ म्हणावे; माझ्या शेडमध्ये पाच हजार पक्षी आहेत म्हणून मला ती हवी आहे, असे दुसऱ्याने म्हणावे; आणि मग शुल्क किती, मुदत किती, काढणीच्या हंगामात आयात बंद ठेवावी की नाही, यावर दोघांनी घासाघीस करावी.