धुरा कुठे घालायचा?

दर्यापूरच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय : आवर्तसारणीत खाली गेलं की आकार वाढतो, मग सोडियमच्या खालच्या ओळीतल्या कॅल्शियमचा आयन सोडियमच्या आयनापेक्षा मोठा असायला हवा ना?

प्रश्न खारपाणपट्ट्यातून आला हे बरं झालं. उत्तर त्याच्या वावरातच आहे.

सोडियम आयनाची त्रिज्या १०२ पिकोमीटर, कॅल्शियमची १००. जवळपास सारखीच! कॅल्शियमला एक कवच जास्त मिळतं खरं, पण दोन इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेल्या १८ जणांना २० प्रोटॉन आत ओढतात. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडकडेही इलेक्ट्रॉन १८च, पण ओढायला प्रोटॉन १७. म्हणून तो १८१ पर्यंत ऐसपैस.

हे मोजलं कसं? क्ष-किरणांनी दोन अणुकेंद्रांतलं अंतर कळतं, त्यात कुणाचा वाटा किती ते नाही. दोन वावरांची मिळून लांबी ठाऊक, धुरा कुठे घालायचा ते नाही, अशी गत. प्रकाशाच्या अपवर्तनावरून १९२३ मध्ये हा धुरा घातला फिनलंडच्या यार्ल वासाशेर्ना यांनी. त्यांचेच फ्लोराइड-ऑक्साइडचे आकडे धरून गोल्डश्मिट यांनी १९२६ मध्ये मोठा तक्ता केला. पुस्तकांत नाव गोल्डश्मिट आणि पॉलिंग यांचं. वासाशेर्ना कुणाला आठवत नाहीत.

आता पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या खारपाणपट्ट्यात या. चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋणप्रभार असतो. एकाच धनप्रभाराचा सोडियम त्यांना सैल धरतो. पाऊस पडला की पाणी मधे शिरतं, पापुद्रे सुटतात, छिद्रं बुजतात. वर तळं साचतं, खाली ओल जात नाही. कॅल्शियम अंगाने तेवढाच, पण प्रभार दुप्पट. तो पापुद्रे जवळ बांधून ठेवतो. सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीत जिप्सम टाकतात ते या कॅल्शियमसाठी.

मात्र 'पोतं टाका, जमीन सुधारा' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कॅल्शियमने हुसकलेला सोडियम मुळांखाली धुऊन न्यायला गोडं पाणी आणि निचरा हवा. बोरचं पाणीच खारं असेल, तर सारी भिस्त पावसावर.

विद्यार्थीमित्रा, एक कर. वावरातलं वाळलेलं ढेकूळ पेलाभर पावसाच्या पाण्यात अलगद सोड, हलवू नको. काही तासांत त्याच्याभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला, तर समज, आत सोडियम ठाण मांडून आहे. शेजारच्या पेल्यात आधी थोडं जिप्सम विरघळव आणि तसंच ढेकूळ टाक. तिथलं पाणी बरंच नितळ राहील. दोन्ही आयन मापाने सारखे, फरक प्रभाराचा.