लेसरच्या गोंधळात लपलेला निरोप: काय आहे हे तंत्रज्ञान?

तुम्ही पाठवलेला फोटो असो, व्हिडिओ कॉल असो की यूपीआयचं पेमेंट, या सगळ्याचा बराचसा प्रवास ऑप्टिकल फायबरमधून होतो. केसाएवढ्या बारीक काचेच्या तारेतून, प्रकाशाच्या रूपात. ही तार सुरक्षित वाटते. पण ती थोडी वाकवली की काही प्रकाश बाहेर झिरपतो आणि तो टिपता येतो.

आज आपला डेटा वाचतो तो एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे सॉफ्टवेअरने घातलेल्या गणिती कुलपामुळे. पण कुलूप थेट प्रकाशालाच घालता आलं तर? शास्त्रज्ञ गेली ३० वर्षं यावर काम करत आहेत.

लेसर बेभान कसा होतो?

लेसर एरवी शिस्तीचा. पण समोर आरसा ठेवून त्याचाच थोडा प्रकाश, किंचित उशिराने, त्याच्यात परत सोडला की त्याचं तंत्र बिघडतं. प्रकाश सेकंदाला अब्जावधी वेळा वेडावाकडा कमी-जास्त होऊ लागतो. याला 'केऑस' म्हणतात.

हा गोंधळ नशिबावर चालत नाही, त्याचे नियम ठरलेले असतात. पण सुरुवातीला तसूभर फरक पडला तरी पुढचं सगळं बदलतं. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली हवामानाच्या संदर्भात हेच दाखवून दिलं होतं.

मग असे दोन लेसर जुळतात कसे?

दोन केऑटिक यंत्रणा वेगवेगळ्या सोडल्या, तर त्या काही क्षणांत एकमेकींपासून भरकटतात. पण १९९० मध्ये अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील लुई पेकोरा आणि थॉमस कॅरोल यांनी एक वेगळीच गोष्ट सिद्ध केली. पहिल्या यंत्रणेचा सिग्नल दुसरीला सतत मिळत राहिला, तर दोघी एकाच तालात गोंधळ घालू शकतात!

१९९४ मध्ये भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ राजर्षी रॉय आणि त्यांचे सहकारी स्कॉट थॉर्नबर्ग यांनी दोन केऑटिक लेसरवर हे प्रत्यक्ष करून दाखवलं. १९९८ मध्ये रॉय आणि ग्रेगरी व्हॅनविगेरेन यांनी अशाच लेसरमधून संदेशही पाठवला.

निरोप लपवतात कसा?

ढोल-ताशाच्या गजरात कोणी कुजबुजलं, तर ऐकू येत नाही. पण तोच गजर, अगदी ठोक्याला ठोका जुळवून, तुमच्याकडे वेगळा असेल तर? मिळालेल्या आवाजातून तो वजा करा, उरेल ती कुजबुज.

इथेही तसंच आहे. पाठवणारा लेसरच्या गोंधळात बारीकसा संदेश मिसळतो. दुसऱ्या टोकाला त्याचा जुळा लेसर असतो. तो गोंधळाशी ताल धरतो, पण त्यातला संदेश फारसा उचलत नाही. आलेल्या प्रकाशातून जुळ्याचा गोंधळ वजा केला की संदेश हाती येतो. वाटेत तार टॅप करणाऱ्याकडे असा जुळा लेसर नसेल, तर त्याला फक्त खरखर मिळते. थोडक्यात, इथे पासवर्ड नाही, लेसर हीच किल्ली आहे.

हे प्रयोगशाळेबाहेर चालतं का?

हो. २००५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ग्रीसची राजधानी अथेन्समधल्या व्यावसायिक नेटवर्कच्या १२० किलोमीटर फायबरमधून असा संदेश पाठवला गेला. वेग होता सेकंदाला गिगाबिटच्या घरात आणि चुका कोटी बिटमागे एकाहूनही कमी.

मग हे अभेद्य आहे का?

नाही, आणि इथेच सावध राहायला हवं. एक म्हणजे, जुळे लेसर बनवणं अवघड आहे. शक्यतो एकाच चकतीतून कापलेले लेसर निवडावे लागतात. दुसरं, आरशातून प्रकाश किती उशिराने परत येतो, याचा माग सिग्नलमध्ये राहू शकतो आणि हल्लेखोराला तो सुगावा पुरतो. तिसरं, संदेश जरा मोठा झाला तर तो गोंधळातून डोकं वर काढतो.

शिवाय हे क्वांटम तंत्रज्ञान नव्हे. तिथे सुरक्षिततेची हमी भौतिकशास्त्राच्या मूलभूत नियमांवर उभी असते. इथे ती यंत्राची नक्कल करणं किती अवघड आहे, यावर अवलंबून आहे. म्हणून हे तंत्रज्ञान आजच्या एन्क्रिप्शनची जागा घेणार नाही. पण दाराला आतून कुलूप असताना बाहेरून कडीही घालावी, तसा सुरक्षेचा आणखी एक थर ते नक्कीच देऊ शकतं.