बाळ हाकेला बघत नाही: घाबरायचं की थांबायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

मागच्या महिन्यात रात्री दीड वाजता ताईचा मेसेज आला. भाचा तेव्हा 10 महिन्यांचा होता. "अरे, हाक मारली तरी बघत नाही हा. पंख्याकडे मात्र टक लावून बघतो. ऑटिझम असेल का रे?" त्याआधी दोन तास ती रील्स बघत होती. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण तेव्हापासून जे वाचलं आणि तिच्या डॉक्टरांकडून जे कळलं, ते सांगतो.

आधी पंख्याचं बघू. फिरणाऱ्या वस्तूंकडे बघणं, हात फडफडवणं, चवड्यांवर चालणं हे खूप बाळं करतात. एका लक्षणावरून काही ठरत नाही. खरा प्रश्न असतो, बाळ माणसांशी जोडलं जातंय का? साधारण 9 महिन्यांपर्यंत बाळ नावाने हाक मारल्यावर बघतं. वर्षाच्या आसपास टाटा करतं. दीड वर्षापर्यंत बोटाने काहीतरी दाखवतं. इथे एक बारकावा आहे. बिस्कीट हवं म्हणून बोट दाखवणं वेगळं, आणि "ती बघ चिऊ" म्हणून दाखवून मग तुमच्या तोंडाकडे बघणं वेगळं. दुसऱ्यात आनंद वाटून घेणं आहे. डॉक्टर तेच शोधतात.

दुसरी गोष्ट, कान. हाकेला न बघण्याचं कारण ऐकू कमी येणं हेही असू शकतं. ताट वाजवून घरी घेतलेली परीक्षा पुरेशी नाही, कारण मोठा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. त्यासाठी ओएई आणि बेरा या चाचण्या असतात. भाच्याचे कान नॉर्मल निघाले. पुढची तपासणी वाढदिवसानंतर आहे, म्हणजे पूर्ण उत्तर अजून आमच्याकडे नाही.

तिसरी गोष्ट, ऑनलाइन टेस्ट. एम-चॅट नावाची 20 हो-नाही प्रश्नांची यादी आहे, पण ती 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी. 10 महिन्यांच्या बाळासाठी ती भरून काही कळत नाही. आणि तिचा निकाल म्हणजे निदान नव्हे. तो धुराचा अलार्म समजा. फोडणीच्या धुरानेही वाजेल, पण आग लागल्यावर गप्प बसण्यापेक्षा ते परवडलं. अलार्म वाजला की पुढे सविस्तर तपासणी होते.

मग थांबायचं का? घरात कोणीतरी म्हणतंच, "याचा बाबाही उशिराच बोलला." असेलही. पण डॉक्टरांकडे जायला निदानाची वाट बघावी लागत नाही, आणि गरज वाटली तर थेरपीही निदानाआधी सुरू करता येते. आणि बाळ आधी करत असलेली गोष्ट बंद झाली, म्हणजे बडबड थांबली किंवा टाटा करणं गेलं, तर वय कितीही असो, लगेच दाखवा. खासगी खर्च जड वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची चौकशी करा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं हे केंद्र आहे, तिथे तपासणी मोफत होते.

आणि आयांनो, स्वतःला दोष देऊ नका. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा 1998 चा लेख लॅन्सेट नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. आईने लळा कमी लावला म्हणून हे होतं, हा जुना सिद्धांतही कधीच मोडीत निघालाय.

डॉक्टरांकडे जाताना फोनमध्ये दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या. एक जेवताना, एक खेळताना, एक हाक मारतानाचा. दवाखान्यात बाळ बुजतं, तेव्हा हे फार कामाला येतात. रात्री दीडच्या रील्सपेक्षा तर नक्कीच जास्त!