रंगाचा शेवटचा हात

पौषातली सकाळ. वारासिवनीच्या रस्त्यालगत, धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये पत्र्याची लांबट शेड. बाहेर उजाडलंय, आतले दिवे अजून चालूच. हिवाळ्यात बालाघाटचा दिवस जेमतेम 11 तासांचा आणि अंड्यावरच्या कोंबडीला उजेड लागतो 16 तास. उरलेला दिव्यांनी पुरवायचा.

खाली धानाचा तूस अंथरलाय. विटकरी कोंबड्या खोक्यांत शिरतात, पायांनी तूस उकरतात, बसतात. मालकीणबाई हात घालून एक अंडं काढतात आणि माझ्या तळहातावर ठेवतात. कोमट आणि ओलसर. बघता बघता ओल सुकते.

"हे पाहा भाऊ," ट्रेमधलं फिकं अंडं त्या उचलतात, "रात्री कुत्रं जाळीपाशी आलं. बिचकल्या साऱ्या."

कवच घडायला सुमारे 20 तास लागतात आणि तपकिरी रंग चढतो तो अखेरच्या काही तासांत. कोंबडी घाबरली की रंगाचा तो शेवटचा हात अर्धवट राहतो.

गिऱ्हाईक मात्र रंगच बघतं. तपकिरी म्हणजे गावरान, गावरान म्हणजे पौष्टिक! पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून विकणाऱ्यांचं फावतं ते यामुळेच. रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. पांढऱ्या अंड्यात पोषण तसूभरही कमी नसतं.

कोपऱ्यात खाद्याची पोती आहेत: मका, सोयाबीनची पेंड, राईस मिलमधला कोंडा. शेजारी चुनखडीच्या खड्यांची बादली. ती दुपारनंतर फिरणार, कारण हे खडे पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्री कवच घडत असताना उपयोगी पडतात. एका कवचात जवळपास 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. खाद्यातून ते कमी पडलं तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते, आणि असंच चालू राहिलं तर पायांवर उभीही राहू शकत नाही. हे ऐकल्यापासून माझा हात त्या बादलीवरून हलत नाही.

खनिज मिश्रणात चिमूटभर मँगनीजही असतं. त्याच्याविना कवच पातळ पडतं. ज्या भरवेलीच्या खाणीमुळे बालाघाटचं नाव झालं, तेच हे मँगनीज.

अंडी घेताना रंग पाहू नका, कधीची आहेत ते विचारा. घरी पाण्यात सोडून बघा: ताजं अंडं तळाशी आडवं राहतं, शिळं उभं होतं, फार जुनं तरंगतं.