सांभाळणाऱ्याला सुट्टी मिळते ती कशी

सांगलीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. काका ७६ वर्षांचे, नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स. काकू ७० च्या. मुलगी पुण्यात, मुलगा-सून नाशिकला. काकूंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू वाढलाय. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली आणि काकूंनी दोन्ही वेळा ती पुढे ढकलली. ऑपरेशन थोड्या वेळाचं असलं तरी नंतर काही दिवस खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. काकूंचा तर सगळा दिवस वाकण्यात, उचलण्यात आणि पाण्यात जातो. काकांना पलंगावरून उठवायचं, आंघोळ घालायची, रात्री दोन-तीनदा कुशीवर वळवायचं.

हे घर कल्पनेतलं आहे, पण अशी घरं प्रत्येक आळीत सापडतात. त्यांना जे हवं असतं त्याला रेस्पाइट केअर म्हणतात. आजारी माणसाचा सांभाळ ठरावीक काळापुरता दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा आणि रोज सांभाळणाऱ्याला मोकळं करायचं, मग ते चार तास असोत की पंधरा दिवस. पार्किन्सन्सच्या मदतगटांत आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. ही सोय शुभंकरासाठी असते. तिचा फायदा शुभार्थीलाही होतो, पण केंद्रस्थानी शुभंकर आहे हे घरात सगळ्यांनी आधी मान्य करायला हवं.

कारण ही चैन नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या वयस्कर माणसांची चार वर्षं नोंद ठेवली होती. सांभाळताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. काकूंनी डोळा मागे टाकला, कुणी रक्तदाबाची गोळी विसरतं, कुणी छातीत दुखलेलं चार दिवस सांगतच नाही.

सोय कुठून होते? पहिला दरवाजा नातेवाइकांचा. इथे सगळे म्हणतात, ‘काही लागलं तर सांगा’, आणि मनापासूनच म्हणतात. पण ‘काही’ मागता येत नाही. काकूंनी मुलाला ‘कधीतरी येऊन जा’ म्हटलं तर तो शनिवारी येईल, बाबांशी गप्पा मारेल आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने जाईल. त्या दोन दिवसांत काकूंचं काम वाढतं, कारण पाहुण्याचा स्वयंपाकही त्याच करतात. मागायचं ते नेमकं मागावं: ‘पाच तारखेपासून बारा तारखेपर्यंत ये. बाबांची आंघोळ, औषधं आणि रात्र तू बघायची. मी ताईकडे झोपायला जाणार.’ सुनेला न विचारता तिला यात गृहीत धरू नये. मुलगा स्वतः आंघोळ घालू शकतो, डायपर बदलू शकतो. या कामाला हात लागतात, बाईचेच लागतात असं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्यांची देखभाल करणाऱ्या १५ ते ५९ वयोगटातल्या बायका त्यात रोज सुमारे १४० मिनिटं घालवताना दिसल्या, असे पुरुष सुमारे ७४. यात मुलांचं करणंही आलं, पण कल कळायला एवढं पुरे.

दुसरा दरवाजा पगारी माणसाचा. शहरांत ब्यूरो असतात, तिथून मावशी किंवा मामा मिळतात, बारा तासांचे किंवा चोवीस तासांचे. इथे एक फरक नीट समजून घ्यावा. मावशी आंघोळ घालतील, भरवतील, फिरवतील, कपडे बदलतील. इंजेक्शन, नाकातल्या नळीतून अन्न, लघवीची नळी, जखमेचं ड्रेसिंग यासाठी शिकलेली नर्स लागते आणि तिचे पैसे वेगळे असतात. काकांना नळी नाही, जखम नाही, म्हणजे मामा पुरेत. पण उंच, जड माणसाला उचलायचं असेल तर ते ब्यूरोला आधीच सांगावं, नाहीतर नाजूक बांध्याची बाई येते आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसते. ओळखपत्राची प्रत, पोलिस पडताळणी, एक माणूस आला नाही तर बदली किती वेळात मिळेल आणि ब्यूरोचं कमिशन कोण देणार, हे बोलणं पहिल्या फोनवरच उरकावं.

आणि त्या माणसाकडेही माणूस म्हणून बघावं. चोवीस तासांच्या मामांना झोपायला धड जागा नसेल, वेळेवर जेवण नसेल, सुट्टी नसेल, तर आपण काकूंचा थकवा उचलून दुसऱ्या गरीब माणसाच्या पाठीवर टाकला एवढंच झालं. रात्री तीनदा उठणाऱ्याला दिवसा सलग काही तास झोप मिळालीच पाहिजे. थकलेला माणूस आजाऱ्याला पाडतो.

यानंतरच्या गोष्टीवर सगळं उभं आहे: काकूंच्या डोक्यात जे आहे ते कागदावर आणणं. माझ्या मते बहुतेक घरांत ही सोय फसते ती माणूस मिळाला नाही म्हणून नाही, तर मिळालेल्या माणसाला काही ठाऊक नव्हतं म्हणून. काकूंना ठाऊक असतं की काका दाराच्या उंबऱ्याशी अडकतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि तेव्हा ओढायचं नसतं. ‘एक, दोन, एक, दोन’ म्हटलं की पाऊल सुटतं. झोपेतून उठल्यावर एकदम उभं केलं तर रक्तदाब उतरून चक्कर येते, म्हणून आधी पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसवायचं. पातळ चहाने ठसका लागतो. जेवताना पाठ ताठ हवी आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. हे कुणी कधी विचारलेलं नसतं, म्हणून काकूंनी कधी सांगितलेलं नसतं.

तेव्हा दोनशे पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर आजार, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, जवळचं रुग्णालय आणि रात्री बोलावलं तर येईल अशा शेजाऱ्याचा नंबर. दुसऱ्या पानावर औषधं, त्यांची मात्रा आणि घड्याळातली वेळ. पार्किन्सन्समध्ये ‘सकाळ-दुपार-संध्याकाळ’ लिहून भागत नाही. लेव्होडोपाची गोळी ठरल्या वेळेला गेली नाही तर तासाभरात माणूस लाकडासारखा ताठरू शकतो. ती अचानक बंद करणं तर जिवावर बेतू शकतं. पुष्कळांना डाळ, दूध, अंडं अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतली तर ती नीट लागू पडत नाही, म्हणून जेवणाशी तिचं अंतर डॉक्टरांना विचारून वहीत लिहावं.

तिसऱ्या पानावर लाल शाईने एक सूचना हवी. उलटी थांबवायला सर्रास देतात ते मेटोक्लोप्रमाइड आणि रुग्ण फार अस्वस्थ झाला की देतात ते हॅलोपेरिडॉल, ही दोन्ही पार्किन्सन्स वाढवतात. काकू घरात नसताना काकांना उलट्या झाल्या आणि अनोळखी डॉक्टर आले, तर ही एक ओळ मोठा घोळ टाळते. पुढच्या पानांवर रोजचा दिनक्रम, शौचाच्या सवयी, काय ऐकायला आवडतं, कशाने चिडतात, कुठल्या नावाने हाक मारलेली चालते. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि जेवण यांची सांगड स्पष्ट लिहावी. इन्सुलिन दिलं आणि पेशंट जेवलाच नाही, तर साखर धोकादायक उतरते.

वही लिहून झाली तरी ती हातात देऊन निघायचं नाही. किमान दोन-तीन दिवस मामा आणि काकू एकत्र असायला हवेत. पहिल्या दिवशी काकू करतील, मामा बघतील. दुसऱ्या दिवशी मामा करतील, काकू बघतील. तिसऱ्या दिवशी काकू दोन तास देवळात किंवा मैत्रिणीकडे जातील. ऑपरेशनच्या दिवशीच नवा माणूस घरात आणणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर आहे.

तिसरा मार्ग डे-केअर केंद्राचा. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. आपल्याकडे अशी केंद्रं मुख्यतः मोठ्या शहरांत आणि बहुतेक डिमेन्शियासाठी, म्हणजे स्मृतिभ्रंशासाठी, आहेत. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या डिग्निटी फाउंडेशनने असं काम केलं आहे, आणि १९९२ पासून काम करणाऱ्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखांकडून आसपासची माहिती मिळू शकते. खरी अडचण वाहनाची. तासभर रिक्षात बसून जाणारा रुग्ण पोचेपर्यंत थकतो, आणि नेणं-आणणं काकूंवरच पडलं तर सुट्टी संपलीच.

चौथा मार्ग निवासी मुक्कामाचा. काही वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्रं आणि डिमेन्शियाची निवासी केंद्रं अल्प मुदतीसाठी माणूस घेतात. किमान किती दिवस घेतात, अनामत किती, डायपर आणि औषधांचे पैसे धरलेत का, रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी, तब्येत बिघडली तर कुठल्या रुग्णालयात नेणार आणि आधी फोन कुणाला करणार, हे सगळं लेखी घ्यावं. बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचं पत्र, तपासण्यांचे अहवाल आणि आधार कार्ड मागतात, ती तयारी आठवडाभर आधी सुरू करावी. जागा बघायला संध्याकाळी सातच्या सुमाराला जावं. सकाळी अकराला सगळीकडेच स्वच्छता असते. संध्याकाळी जेवणाची घाई असते, माणसं कमी असतात आणि डिमेन्शियाचे रुग्ण त्याच वेळी जास्त अस्वस्थ होतात. तेव्हा कर्मचारी कुठल्या आवाजात बोलतात, ते ऐकावं. काकांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न: ‘गोळी साडेदहाला द्यायची असेल तर साडेदहालाच द्याल का, की नऊच्या फेरीत?’ उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा शोधावी.

जागा बदलली की म्हातारा माणूस गोंधळतो. डिमेन्शिया असेल तर जास्तच. म्हणून पहिला मुक्काम एका रात्रीचा ठेवावा. बरोबर घरची चादर, रोजचा पेला, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि त्याचे सेल पाठवावेत. चष्मा-श्रवणयंत्राशिवाय ठेवलेला माणूस भ्रमात जायला वेळ लागत नाही.

सरकारकडून काय मिळतं? ‘समर्थ’ नावाची तात्पुरत्या सांभाळाची योजना राष्ट्रीय न्यासाकडे आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी आहे, निव्वळ वार्धक्यासाठी नाही. ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे, ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी. घरी येणाऱ्या मामांचा पगार त्यातून निघत नाही. एका राष्ट्रीय अभ्यासाने २०२३ साली देशात डिमेन्शियाचे सुमारे ८८ लाख रुग्ण असल्याचा अंदाज मांडला. त्या घरांतल्या शुभंकरांसाठी सरकारने वेगळी योजना आणावी, ही मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी लावून धरायला हवी. तोवर माहितीसाठी ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. शुभंकराचं स्वतःचं मन खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

पैशांचं गणित भावंडांनी उघड मांडावं. मुलगी पुण्याहून येऊ शकत नसेल तर तिने मामांचा पंधरा दिवसांचा पगार द्यावा. बसणाऱ्याने वेळ द्यायचा, लांबच्याने पैसे.

काकांशी बोलणं मात्र काकूंनीच करावं आणि खरं बोलावं. ‘तुला फिरायला नेतो’ म्हणून आश्रमात सोडलेला माणूस पुन्हा विश्वास ठेवत नाही. ‘माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, अमुक तारखेपर्यंत मामा असतील, मी रोज सहाला फोन करीन’, असं सांगावं आणि सहाला फोन करावा. काका चिडतील, कदाचित रडतील. काकूंना अपराधी वाटेल आणि एखादी शेजारीण बोलेलही. त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण एक विचारावंसं वाटतं: काकूंचा डोळा गेला तर काकांच्या गोळीवरचं नाव कोण वाचणार आहे?

या सोयीने शुभंकराचं ओझं कमी होतं का, यावर संशोधनाचं उत्तर अजून पक्कं नाही. उपलब्ध संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या डिमेन्शियाबद्दलच्या २०१४ च्या आढाव्यात चारच प्रयोग सापडले, त्यांचा दर्जा बेताचा होता आणि ठोस फायदा दिसला नाही. मला यामागे एक कारण दिसतं. मिळालेले तास बायका साठलेली भांडी, बँक आणि दळण यात घालवतात. सुट्टी पूर्ण गळून गेल्यावर, आणि तीही एकदाच मिळते. म्हणून मोतीबिंदूच्या पंधरा दिवसांबरोबरच आठवड्यातली एक दुपार कायमची बांधून घ्यावी आणि त्या दुपारी काय करायचं ते आदल्या दिवशी ठरवावं. झोपायचं ठरवलं तरी उत्तम.

काकू परत आल्या की पहिल्या दिवशी काकांचं अंग नीट बघावं: माकडहाड, नितंब, टाचा. दाबल्यावरही न जाणारा लाल चट्टा म्हणजे शय्याव्रणाची सुरुवात, तो दिसला तर त्या जागेवरचा भार काढून डॉक्टरांना दाखवावा. गोळ्या मोजाव्यात, शिल्लक जुळते का ते पाहावं. शौच कधी झालं ते विचारावं. मग मामांबरोबर चहा घेत वही उघडावी आणि कुठे अडलं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं. पंधरा दिवसांत काकांबद्दल त्यांना असं काही कळलेलं असतं जे काकूंनाही ठाऊक नव्हतं. मामा निघण्याआधी पुढची तारीख ठरवून घ्यावी, दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन व्हायचंय.