प्रदर्शनातला स्पीकर ऐकायचा कसा?

वैशाखातील शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि भाद्रपदातील गणेशविसर्जन या दोन सणांवर बेळगावच्या साऊंड सिस्टिम व्यावसायिकांची वर्षाची गणिते ठरतात. निपाणीत कोल्हापूरचे वारे अधिक. तिकडे भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरांना सरसकट 'डॉल्बी' म्हटले जाते. रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ मध्ये स्थापन केलेली कंपनी मुळात नावारूपाला आली ती टेपवरील खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. खरखर घालवणाऱ्याचे नाव सीमाभागात गोंगाटाला चिकटावे, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

अशा यंत्रणेची खरेदी लाखांच्या घरात जाते आणि ती पुष्कळदा कर्जावर होते. त्यासाठी मुंबईत गोरेगावला भरणाऱ्या 'पाम एक्स्पो'सारख्या व्यापारी प्रदर्शनात जाऊन माल प्रत्यक्ष ऐकणे हा सुज्ञपणा आहे. घरी उंची यंत्रणेवर संगीत ऐकणाऱ्या शौकिनांसाठीही अशी प्रदर्शने भरतात. २०२५ पर्यंत म्युनिकमध्ये भरत आलेले 'हाय एंड' हे त्यांतले जगप्रसिद्ध. मात्र गोरेगाव असो वा म्युनिक, तिथे मिळणारी ऐकण्याची दहा-पंधरा मिनिटे कानांना सहज फसवतात.

पहिली फसगत आवाजाच्या पातळीची. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्ज आणि अतितार स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच स्वर भरदार वाटू लागतात. त्यामुळे सारख्याच दर्जाच्या दोन स्पीकरांपैकी एक किंचित मोठा वाजवला, तर तो 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही स्पीकर समान अंतरावरून ऐकावेत आणि दोहोंची पातळी सारखी करून मागावी. मोबाइलवरील ध्वनिमापक ॲप अगदी अचूक नसले, तरी एवढ्या तुलनेला पुरते.

पाटीवरच्या वॅटच्या आकड्याने दिपून जाण्याचे तर मुळीच कारण नाही. एकेकाळी लहानशा टेपरेकॉर्डरच्या खोक्यावरही हजार वॅट 'पीएमपीओ' छापलेले असे, हे अनेकांना आठवत असेल. वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. तो कानाला दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणून एका वॅटवर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल देतो, हा प्रश्न आधी विचारावा. ज्याचा हा आकडा ९७ आहे, तो १०० वॅटवर जे करतो त्यासाठी ८७ आकड्याच्या स्पीकरला १००० वॅट लागतात. जनरेटरच्या डिझेलचा हिशेबही इथूनच सुरू होतो.

दुसरी फसगत जागेची. बंदिस्त दालनात भिंती खर्ज परत फेकतात, त्यामुळे छाती हादरवणारा बेस उघड्या मैदानात पोकळ वाटू शकतो. घरात याच्या उलट घडते. बारा फूट रुंदीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतींमध्ये अडकून घुमतो, आणि प्रदर्शनात गोड वाटलेला महागडा स्पीकर बैठकीच्या खोलीत भणभणू लागतो. यंत्रात दोष नसतो. खोलीचा विचार झालेला नसतो.

विक्रेत्याने निवडलेली ध्वनिमुद्रणे त्याचा माल खुलवण्यासाठीच असतात. ग्राहकाने स्वतःच्या परिचयाचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व बालपणी तबकड्या ऐकून थोर गवयांची गायकी हुबेहूब उभी करीत. कानांची तेवढी तयारी सर्वांची नसते, पण शंभरदा ऐकलेल्या मैफलीत काय हरवले आहे, हे सामान्य श्रोत्यालाही उमगते. तानपुऱ्याची जवारी ऐकावी; तिचे बारीक स्वरतंतू वेगळे न होता नुसती झिणझिण ऐकू आली, तर वरच्या पट्टीत खोट आहे. डग्ग्याची घुमक लांबत राहिली तर खर्ज सैल आहे. या कामाला जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मात्र उपयोगी नाहीत. फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तरी त्या काळच्या ध्वनिमुद्रणाचा आवाका मर्यादितच होता.

भाड्याने यंत्रणा देणाऱ्याने तर गाण्याआधी साधे बोलणे वाजवून पाहावे. कीर्तन वा भाषणातील 'स', 'श', 'त', 'क' ही व्यंजने मुख्यतः २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्टीत आणि तिच्या वर उमटतात. तिथे स्पीकर कच्चा असेल, तर शेवटच्या रांगेला आवाज पोहोचतो पण अर्थ पोहोचत नाही. बेसवर भाळून घेतलेल्या संचाचे हे वैगुण्य मांडवात पहिल्याच दिवशी उघडे पडते.

डोळेही कानांवर कुरघोडी करतात. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह आणि फ्लॉइड टूल यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या प्रयोगांत, स्पीकर दिसत असताना श्रोत्यांनी दिलेले गुण आणि पडद्याआडून दिलेले गुण निराळे निघाले. तेव्हा पाठ फिरवून ऐकण्यात संकोच नसावा. शिवाय ऐकणे सकाळीच उरकावे. ८५ डेसिबलमध्ये आठ तास, तर १०० डेसिबलमध्ये जेमतेम पंधरा मिनिटे, अशी कानांची सुरक्षित मर्यादा मानली जाते. दुपारपर्यंत गोंगाटाने बधिरलेल्या कानांना सगळेच स्पीकर मऊ वाटतात.

कायद्याचा आकडाही प्रदर्शनातच तपासलेला बरा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम केंद्राचे असल्याने कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांना ते सारखेच लागू आहेत. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल असून, सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाला त्याहून १० डेसिबलचीच सवलत आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. म्हणजे १० मीटरवर ९० डेसिबल देणारा संच ६५ वर येण्यासाठी सुमारे १८० मीटर मोकळी जागा हवी, आणि बेळगावच्या जुन्या पेठेत समोरासमोरच्या घरांमध्ये एवढे अंतर सापडत नाही.