विखुरलेल्यांचा समूह : माध्यमाची निवड आणि व्यवस्था



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांचे विद्यार्थी आज कोणी बडोद्यात, कोणी पुण्या-मुंबईत, तर कोणी सातासमुद्रापलीकडे आहेत. त्यांची गाठ आता बहुधा मोबाइलच्या पडद्यावरच पडते. माजी विद्यार्थी संघाने आपला समूह कोणत्या माध्यमावर वसवावा आणि तो कसा सांभाळावा, यावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचविले. मराठीच्या निवृत्त प्राध्यापिकेचा या विषयाशी काय संबंध, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या शहरांत मराठी माध्यमाचे वर्ग आटत चालले आहेत. शाळेच्या आठवणी, जुनी छायाचित्रे आणि आपापसांत मराठीत लिहिण्याची सवय यांना आता पुष्कळ अंशी या समूहांचाच आधार उरला आहे. तो आधार कितपत भक्कम आहे, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

१. आधी काम, मग माध्यम

माध्यम निवडताना बहुतेक जण विचारतात, "सध्या सगळे कुठे आहेत?" हा प्रश्न स्वाभाविक असला तरी तो दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न, "आपल्याला नेमके काय करायचे आहे?" हा आहे. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या शहराच्या इतिहासातच सापडते. १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास पाचारण केले आणि संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. त्या व्यवस्थेत शहरासाठी मध्यवर्ती ग्रंथालय होते, गावांसाठी ग्रामग्रंथालये होती आणि जिथे ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रांच्या द्वारे ज्ञान देणारी शाखाही होती. ग्रंथप्रसार हा हेतू एकच असूनही वाचक निरनिराळे होते, म्हणून साधनेही निरनिराळी योजली गेली.

आपल्या संघाची कामे मला चार दिसतात : सूचना देणे, गप्पागोष्टी करणे, एखाद्या विषयावर सविस्तर चर्चा करणे आणि आठवणी जतन करणे. ही चारही कामे एकाच समूहात कोंबली, की चौथे काम सर्वांत आधी बुडते.

सूचनांसाठी व्हॉट्सॲप सोयीचे आहे. ऐंशीच्या घरातील आपले ज्येष्ठ माजी विद्यार्थीही ते सहज वापरतात. एका समूहात १,०२४ सभासद मावतात, आणि फक्त संचालकांनाच संदेश पाठविता येतील अशी योजना २०१८ पासून उपलब्ध आहे. सूचनांचा समूह असाच बंदिस्त असावा. गप्पांसाठी मात्र हजारांचा समूह निरुपयोगी होय. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञांनी माणसाला स्थिर संबंध राखता येतील अशा परिचितांची संख्या सुमारे १५० मानली. तो आकडा वादातीत नाही, पण त्यामागचा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. गप्पांचे समूह म्हणून तुकडीनिहाय, म्हणजे शालान्त परीक्षेच्या वर्षानुसार असलेले बरे.

व्हॉट्सॲपच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. समूहात शिरल्यावर आपला दूरध्वनी क्रमांक सामान्यतः सर्व सभासदांना दिसतो, आणि भगिनींच्या दृष्टीने ही गोष्ट किरकोळ नाही. शिवाय सकाळी लिहिलेली एखादी सुंदर आठवण संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. टेलिग्रामवर समूह दोन लाखांपर्यंत वाढू शकतो आणि नवागताला मागील मजकूर वाचता येतो. परंतु तिथले समूहातील संदेश व्हॉट्सॲपसारखे टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात. फेसबुकच्या समूहात प्रत्येक लेखाखाली स्वतंत्र चर्चा होते आणि जुना मजकूर शोधता येतो, म्हणून चर्चेला ते अधिक योग्य आहे. मात्र कोणाला काय आधी दिसावे, हे तिथे बव्हंशी यंत्रणाच ठरविते.

२. घर भाड्याचे आहे

वरील सर्व जागा परक्या मालकीच्या आहेत, आणि विनामूल्य भाडेकरूला नोटीस मिळण्यास वेळ लागत नाही. ऑर्कुट २००४ साली सुरू झाले, भारतात अतोनात गाजले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रूप्सवरील वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार २०१९ च्या डिसेंबरात काढून टाकण्यात आला आणि पुढच्या वर्षी ती सेवाच संपली. २०११ साली आलेले गूगल प्लस सामान्य वापरकर्त्यांसाठी २०१९ च्या एप्रिलात मिटले. या प्रत्येक ठिकाणी लोकांनी आपली छायाचित्रे आणि भांडणे-मैत्र्या ठेवल्या होत्या.

याच्या उलट उदाहरण मराठीतच आहे. 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ साली सुरू झाले. ऑर्कुट जन्मले, बहरले आणि अस्तंगत झाले, त्या साऱ्या काळात 'मायबोली'वर मराठी माणसे कथा, पाककृती आणि वाद घालीतच होती. तिथे जागाही मराठी मंडळींच्याच हाती होती. प्रत्येक शाळेने असा मोठा उद्योग आरंभावा असे मी म्हणत नाही. परंतु गप्पा भाड्याच्या घरात झाल्या तरी दप्तर स्वतःच्या कपाटात असावे, एवढे पथ्य आपल्याला पाळता येईल.

३. पाटकऱ्याचे काम

आता व्यवस्थापनाकडे वळू. एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकन विदुषींनी सामाईक कुरणे, पाट, जंगले यांचा अभ्यास करून १९९० साली ग्रंथ लिहिला, आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक वस्तू लोक स्वतः सांभाळू शकतात, मात्र त्यासाठी सभासद कोण हे स्पष्ट हवे, नियम त्यांनीच केलेले हवेत, तंटा सोडविण्याची सोय जवळ हवी आणि शिक्षा पायरीपायरीने वाढणारी हवी, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे.

आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत याच तत्त्वांची साक्ष देते. बंधाऱ्याचे पाणी कालव्याने फडात येते आणि पाटकरी ते पाळीपाळीने शेतांना देतो. पाटकरी पाण्याचा मालक नसतो. त्याचा अधिकार शेतकऱ्यांनी मान्य केलेल्या नियमातून येतो. ज्याला आपण 'ॲडमिन' म्हणतो, त्याचे स्थान हेच आहे.

नियम नसले की काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. एका मराठी समूहात निवडणुकीच्या दिवसांत राजकीय संदेशांवरून वाद पेटला. लेखी नियम कोणताच नव्हता. एका बाजूचा संदेश पुसला गेला, दुसऱ्या बाजूचा राहिला. आठवड्याभरात अनेक जण बाहेर पडले, आणि त्यांतच गरजू विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी वर्गणी गोळा करणारे दोघे होते. समूह आजही आहे, पण ती वर्गणी थांबली.

याहून गंभीर उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरत असताना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. पण यंत्राची मर्यादा विवेकाची जागा घेऊ शकत नाही. "पुढे पाठविण्याआधी हे खरे आहे काय?" हा प्रश्न प्रत्येक सभासदाने स्वतःलाच विचारावा लागतो.

सभासदाच्या मजकुराबद्दल संचालकाला तुरुंगात जावे लागेल काय, अशी भीती अनेकांना वाटते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली दिलेल्या निर्णयानुसार, समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट सिद्ध झाल्याखेरीज, दुसऱ्याच्या आक्षेपार्ह संदेशाबद्दल केवळ संचालक म्हणून कोणी दोषी ठरत नाही. कायद्याचे दायित्व असे मर्यादित असले, तरी नैतिक दायित्व उरतेच.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. जेकब निल्सन यांनी २००६ साली मांडलेल्या ढोबळ नियमानुसार ऑनलाइन समूहातील शंभरांपैकी नव्वद जण केवळ वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एकच जण सातत्याने लिहितो. म्हणून मौन धरणाऱ्यांना निष्क्रिय ठरवून काढून टाकू नये. वर्गातही प्रत्येक जण हात वर करीत नसे, तरी शिकत असे.

४. संघापुढे सूचना

माझ्या सूचना थोड्या आहेत. सूचनांचा एक बंदिस्त समूह असावा, गप्पांचे तुकडीनिहाय समूह असावेत आणि चर्चेसाठी एक स्वतंत्र जागा असावी. प्रत्येक ठिकाणी संचालक किमान तीन असावेत, वेगवेगळ्या तुकड्यांचे असावेत आणि दर दोन वर्षांनी बदलावेत. नियम एका पानावर, मराठीत आणि सर्वांच्या संमतीने लिहिलेले असावेत. चूक झाल्यास प्रथम खासगी समज द्यावी, मग संदेश काढावा आणि सभासदत्व रद्द करणे हा अखेरचा उपाय ठेवावा. दर महिन्याला एकाने चांगल्या आठवणी आणि छायाचित्रे, लिहिणाराच्या परवानगीने, शाळेच्या स्वतःच्या संग्रहात उतरवावीत. त्यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि वर्षाकाठी निवडक मजकूर छापावा. ज्यांच्या हाती मोबाइल नाही, त्यांच्यापर्यंतही मग शाळा पोहोचेल.

ॲप बदलत राहतील. आपण ज्याची निवड करू, तेही एक दिवस बंद होईल. त्या दिवशी आपल्याजवळ सभासदांची नावे, मान्य केलेले नियम आणि जतन केलेले दप्तर असले, तर समूह दुसऱ्या जागी सुखरूप नेता येईल. हे काम संघाने याच वर्षी हाती घ्यावे, अशी विनंती करते.